उलटीकडचा हात

त्या दिवशी पुण्यात संगमावरच्या बंगल्यात माझी उमेदवारी संपायची होती. श्रीमंतांच्या दरबारी असलेल्या इंग्रजांच्या वकिलाकडे मराठी लेखनिकाची जागा मिळते की घरचा रस्ता धरावा लागतो, हे एका पत्रावर ठरणार होतं. पत्र दुपारच्या आत श्रीमंतांच्या वाड्यात पोचायला हवं होतं, आणि त्याची स्वच्छ मोडी नक्कल मला करायची होती.

मी जन्माचा डावखुरा. डाव्या हाताने लिहिणं अभद्र, म्हणून लहानपणी धुळाक्षरं गिरवताना वडील माझा डावा हात सुतळीने कमरेला बांधत. पुढे सुतळी सुटली, पण उजवा हात काही वळला नाही. पहिल्याच ओळीत बोरू अडखळला आणि दुसरीवर शाईचा हा भलामोठा डाग! शेजारच्या बैठकीवरचे म्हातारे मुनशी कागदाकडे बघत म्हणाले, "अहो, शाईत पाय बुडवून कावळा चालवलात की काय?"

तेवढ्यात साहेब आला. कागद पाहून हसला नि म्हणाला, "ऑकवर्ड!"

"वेंधळा म्हणतोय तुम्हाला," मुनशींनी तत्परतेने अर्थ सांगितला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून घाम गाळतोय, आणि वेंधळा?

साहेबाला शब्दांचं भारी वेड. माझा चेहरा बघून त्याने जाडजूड कोश काढला आणि मोडक्या मराठीत समजावू लागला. शब्दाचे दोन तुकडे. मागचा तुकडा म्हणजे आपलं 'कडे'. पुढचा 'ऑक' हा त्यांच्या खापरपणजोबांच्या काळचा, त्याचा अर्थ उलटा, फिरलेला. त्यांच्या देवळातल्या घंटा कुणी उलट्या क्रमाने वाजवल्या, तरी जुनी माणसं हाच शब्द वापरत. उलटीकडे वळलेलं ते ऑकवर्ड. वेंधळेपणा त्याला मागाहून चिकटला.

मी ताडकन उभाच राहिलो. अरे, म्हणजे हात वाईट नाही, नुसती बाजू उलटी आहे!

"साहेब, नवा बोरू द्या. आणि चाकू!"

बोरूचं टोक उजव्या हातासाठी तिरपं छाटतात. मी ते उलट्या अंगाने छाटलं, ओली शाई हाताखाली येऊ नये म्हणून कागद आडवा फिरवला आणि बोरू डाव्या हातात धरला. मुनशी "शिव शिव" म्हणाले. पण काय सांगू! अक्षरं अशी धावली की हात उचलायचं भानच राहिलं नाही. सूर्य माथ्यावर यायच्या आत शाई सुकवायला वाळू टाकून पत्र तयार. मुनशींनी ते दोनदा पाहिलं.

"हं. वाचता येतंय."

याहून मोठी शाबासकी पुण्यात मिळत नाही. जागा मला मिळाली.

खराब झालेल्या कागदाच्या पाठीवर त्याच हाताने चार ओळी लिहिल्या आणि घरी अक्षरशः पळत गेलो. वडिलांनी कागद डोळ्यांजवळ धरला. त्यांचा चेहरा खुलला.

"वा! बघ, सुतळी फुकट नाही गेली."

मी डावा हात पुढे केला. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत शाई होती. वडिलांनी तो हात जवळ ओढला. मग जिथे ते सुतळीची गाठ मारत, त्या मनगटावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं आणि आईला हाक मारली.

"अगं, उद्यापासून याची दौत डावीकडे ठेवत जा."