मिरचीचा ठसका

परवा नातसुनेनं बाळाची दृष्ट काढून मिरच्या विस्तवावर टाकल्या आणि मला जोराचा ठसका लागला. सगळे पाणी आणायला धावले. मी मात्र हसत होते.

साठ वर्षांपूर्वी रनाळ्यात, पहिल्या बाळंतपणानंतर मी भिंतीकडे तोंड करून पडून असे. मरावंसं वाटे. धुळ्याच्या डॉक्टरांनी विजेचा शॉक सुचवला होता. गावात विजेचे दिवेसुद्धा नव्हते. वीज म्हणजे झाडावर कोसळते ती, एवढंच ठाऊक. ह्यांनी साफ नकार दिला. सासूबाई रोज माझी दृष्ट काढत राहिल्या.

एके दिवशी मिरच्यांच्या धुरानं आम्ही तिघं खोकून बेजार झालो. पदरानं डोळे पुसत सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "नजर ऱ्हायनी तं ठसका लागस नही. हाऊ आजार शे." मग माझ्याजवळ बसल्या. "पोर, तुले जावानं शे का?"

धुळ्याला जायचंय का, हे तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं.

"जावानं शे," मी खोकत म्हटलं.

शॉकनंतर त्या दिवसांतलं पुष्कळ पुसलं गेलं, लेकाचं पहिलं हसूसुद्धा. सासूबाईंचा तो प्रश्न मात्र राहिला. त्याच्याच आधारानं मी नातसुनेपर्यंत पोचले.