पाण्याखालच्या गावाचं शूटिंग

बातमी छापली की संपते. छापता येत नाही ते मात्र साठत जातं, आणि मंचरच्या टपरीवर चार मित्र भेटले की चहाबरोबर बाहेर पडतं. सध्या माझ्याकडे साठलेत ते एका सिनेमाचे किस्से.

आधीच सांगतो, पडद्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी आली की माझं डोकं फिरतं. आधार कसला? सत्य घटना बिचारी खाली आणि तिच्या डोक्यावर हे नाचणार!

त्यामुळे आंबेगाव तालुक्यात धरणाखाली गेलेल्या एका गावावर सिनेमा काढायला पुण्याहून निनाद नावाचा तरुण दिग्दर्शक आला आणि मला म्हणाला, “सर, गाव उठलं तेव्हा तुम्हीच बातम्या दिल्या होत्या, सल्लागार व्हा,” तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच हो म्हटलं. अट एकच घातली. पडद्यावर गाव सोडणारी माणसं त्याच गावची पाहिजेत. ती आता तालुक्याच्या पूर्वेला, लोणीच्या बाजूला राहतात. निनाद लगेच कबूल झाला. बिचाऱ्याला काय माहीत, भांडायला मी एकटा नव्हतोच!

०

धरणाच्या पाण्यावरच्या एका उतारावर जुन्या गावाचा सेट उभा राहिला. कुडाच्या भिंती, कौलं, मधोमध देऊळ. पहिल्या दिवशी टेम्पोतून म्हातारी मंडळी उतरली आणि थेट आपापली घरं शोधायला लागली.

हौसाबाई एका दारासमोर थांबल्या. गाव उठलं तेव्हा कडेवर पोर घेऊन निघालेल्या या बाई आता पणजी झाल्यात. त्यांना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं. पणतवंडांनी एकदा आपलं घर पाहावं आणि ते आपलंच असावं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

“घर माजंच हाये,” त्या म्हणाल्या. “पन दार उगवतीला व्हतं.”

निनादने दार फिरवून घेतलं. झालं! मग प्रत्येकाने आपलं घर कुठे होतं ते सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी निनाद डोकं धरून माझ्याकडे आला.

“सर, सगळे म्हणतात आमचं घर देवळाला लागून होतं. देवळाला बाजू असतात तरी किती?”

०

दुसऱ्या दिवशी राजुरीहून टेम्पो भरून जनावरं आली. तजेलदार, काळ्या-पांढऱ्या, दुधाने ओथंबलेल्या संकरित गाई!

भागूनाना हे गावातले सगळ्यात जुने गडी. गाव उठू नये म्हणून कचेरीत हेलपाटे घालणाऱ्यांत ते पुढे होते, म्हणून सिनेमाचा हीरोही तेच, अर्थात तरुणपणचे. त्यांनी त्या गाईंभोवती एक चक्कर मारली.

“भाऊ, आमची डांगी जनावरं. पावसात डोंगर चढनारी. ह्या बाया कुटल्या?”

प्रॉडक्शनवाला म्हणाला, “नाना, गाय ती गाय. लांबून कोण बघतंय?”

“लांबूनच दिसतंय ना राव! येवढं दूद आमच्या गावात आसतं, तर धरन पान्याचं कशाला बांदलं आसतं?”

गाई त्याच टेम्पोतून राजुरीला परत.

०

मग कपड्यांचा प्रसंग. गाव सोडण्याच्या सीनसाठी मुंबईहून खास फाडून, मळवून लुगडी आणली होती. कपडे सांभाळणारी मुलगी मोठ्या प्रेमाने हौसाबाईंना नेसवायला गेली.

“हे काय पोरी?”

“आजी, गाव सोडतानाचं दुःख दिसायला हवं ना!”

“मंग तोंडावर दिसंल की. त्या दिवशी मी नवं हिरवं लुगडं नेसले व्हते. घडी मोडली व्हती.”

“त्या दिवशी? नवं?”

“सरकारची मान्सं यायची व्हती. पावन्यांम्होरं फाटकं नेसत्यात व्हय?”

ती मुलगी गाडी काढून नारायणगावच्या बाजारात गेली. दुपारी परतली ती हिरवी लुगडी घेऊन, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणावरही खेकसलो नाही.

०

आता माझ्यावर शेकलेला किस्सा. कथेत एक साहेब होता. गाव खाली करताना तो चुलीवरच्या भाकरीच्या तव्याला लाथ मारतो. मला तो सीन फार आवडला होता! मी निनादला म्हटलं, “हा सीन कापलास तर मी निघालो.”

भागूनानांनी ऐकलं मात्र, म्हणाले, “लात न्हाई मारली त्यानं.”

“म्हणजे?”

“भाकरी व्हईस्तवर थांबला. हौसाचं जातं लई जड, येकट्याच्यानं ट्रकात चढंना, तर त्यो उचलू लागला.”

मी तडकलो. “नाना, अहो त्या लोकांनी तुमचं गाव बुडवलं!”

“बुडवलं की. पन लात न्हाई मारली. जेवडं केलं तेवडंच लिवा.”

वार्ताहरकीच्या इतक्या वर्षांत इतकी चोख सूचना मला एकाही संपादकाने दिली नव्हती. लाथ कापली. जातं आलं. आणि मी काही निघालो नाही!

०

तरुण भागूनानांचं काम करणारा नट नामांकित होता. पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत. कचेरीच्या पायरीवर उभं राहून त्याने असं भाषण ठोकलं की युनिटमधल्या पोरी डोळे पुसायला लागल्या. टाळ्या पडल्या. खुशीत येऊन तो नानांच्या पाया पडायला गेला.

“कसं झालं नाना?”

“लई भारी बोललास बाबा,” नाना म्हणाले. “मला येवढं बोलता आलं आसतं, तर गाव हाये तितंच ऱ्हायलं नसतं का?”

निनादने ते भाषण त्याच दिवशी काढून टाकलं. आता सिनेमात नाना पायरीवर उभे राहतात, टोपी काढतात, आणि पुन्हा घालतात. पोराला अक्कल आहे, हे तेव्हाच मी मनाशी कबूल केलं. त्याला सांगितलं मात्र नाही.

०

शेवटचा दिवस. गाव सोडण्याचा सीन. दुसऱ्या दिवशी सेट मोडायचा होता आणि ऊन उतरायला लागलं होतं, म्हणजे काय ते आताच. सगळं खरं होतं. दार उगवतीला, लुगडं हिरवं, दावणीला डांगी जनावरं. गाठोडी बांधून मंडळी आपापल्या दारात बसली.

“ॲक्शन!”

साहेबाचं काम करणारा नट पुढे आला. “चला, गाव खाली करा! पाणी चढतंय!”

कुणी उठलं नाही.

“कट! आजी, आवाज आला नाही का?”

“आला की,” हौसाबाई म्हणाल्या.

पुन्हा ॲक्शन. साहेब पुन्हा ओरडला. जनावरांनी माना वळवल्या. माणसं तशीच. भागूनानांनी तर गाठोड्याला पाठ टेकली.

निनाद माझ्याकडे धावत आला. “सर, ऊन चाललंय! त्या दिवसाची बातमी तुम्हीच दिली होती. सांगा ना त्यांना, त्या दिवशी खरं काय झालं होतं!”

महिनाभर खऱ्यासाठी मीच भांडत होतो. मी हौसाबाईंच्या दारापाशी गेलो.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही सगळे एका सांगण्यात उठला होता.”

“उटलो व्हतो,” त्या म्हणाल्या. उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

निनाद त्यांच्यापुढे उकिडवा बसला. “आजी, नाही उठलात तर सिनेमा खोटा होईल हो.”

हौसाबाईंनी हिरव्या लुगड्याचा पदर नीट केला.

“व्हऊ दे की बाळा. खरा येकदा झालाय.”