चुलीचा नारळ

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको. रंगूबाईचा मला हेवा वाटतो. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून वाटतो आणि आता पेन्शन घेते तरी वाटतोच. ती माझी थोरली जाऊ. मानकोलीच्या नाक्यावरून आत वळलं की गोदामांच्या मागे आमचं गाव आहे. दोघींची घरं एकाच भिंतीला टेकलेली, परसं शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढा गडगा. म्हणजे हेवा करायचा तर लांब जायलासुद्धा नको.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. तिला सही येत नाही. तरी गावात कोणी नुसतं ‘बाय’ म्हटलं की माणसं तिच्या दाराकडे बघतात. मी मास्तरीण. मला नमस्कार मिळतो, पण लग्नघरातली हाक तिला जाते.

कारण तिची चूल. आमच्याकडे हळदीला मटण हल्ली गॅसच्या शेगडीवर शिजतं, त्याला कोणी काही म्हणत नाही. पण तांदळाची भाकरी लाकडावरच व्हायला हवी. चारशे माणसं जेवायची म्हणजे सात-आठशे भाकऱ्या. थापायला दहा-बारा बायका बसतात, मात्र जाळ सांभाळणारी एकच असते. तिला आधी रीतसर बोलवावं लागतं. सुपात नारळ, सुपारी, कुंकू घेऊन तिच्या दारी जायचं. त्याला चुलीचा नारळ म्हणतात. तो नारळ घेतला की ती चूल तिची. नारळाशिवाय मात्र दुसऱ्याच्या लग्नाच्या चुलीला हात लावायचा नाही, तिच्याकडे तोंड करूनसुद्धा बसायचं नाही. आजूबाजूच्या पाच गावांचे नारळ वर्षानुवर्षं रंगूबाईच्या दारी येत होते आणि मी गडग्याच्या अलीकडून मोजत होते.

बाई किडकिडीत, उंच, कोपरापर्यंत हात भाजल्याच्या खुणांनी भरलेले. लाकूड हातात घेतलं की ती आधी त्यावर बोटाचं पेर वाजवते, मग वास घेते. मग निकाल देते. आंब्याचं लाकूड आलं की म्हणायची, “हा रडका हाय, जेवनापेक्षा आपलीच टिपा जास्त.” शेवरीला म्हणायची, “नुसता भपका. वरात आली आनि गेली.” चिंच रागीट, पण कामाची. आणि बाभूळ आली की काही बोलायची नाही, नुसती पसंतीने बाजूला ठेवायची. बायका हसायच्या, तिची वाक्यं पाठ करायच्या. मी ज्वलनाचा अख्खा धडा एकतीस वर्षं शिकवला, माझं एक वाक्य कोणी पाठ केलं नाही. परीक्षेपुरतंसुद्धा नाही!

हे सगळं मी गिळलं असतं. पण धनेशचं गिळता येईना. धनेश माझा एकुलता एक मुलगा. मी शाळेत जायची तेव्हा तो तिच्या चुलीपाशी बसायचा. निखाऱ्यावर टम्म फुगलेली भाकरी ती त्याच्या हातावर ठेवायची. मी त्याला हौसेने ‘मम्मी’ म्हणायला शिकवलं. तिला तो ‘मोठी आई’ म्हणायला लागला. म्हणजे आईपण तिकडेच गेलं, तेसुद्धा मोठं होऊन. घरी मी भाकरी केली की दोन घास खाऊन म्हणायचा, “मोठ्या आईसारखी नाही झाली.” पाच वर्षांचा असताना म्हणाला, पंधराव्या वर्षी म्हणाला, आणि गोदामात सुपरवायझर झाल्यावरही म्हणाला. दर वेळी मी हसले, आणि दर वेळी आत काहीतरी करपलं.

म्हणून यंदाच्या वैशाखातलं त्याचं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. त्याच्या हळदीची चूल मी लावणार. त्याने एकदा, एकदाच, म्हणायला हवं की मम्मीची भाकरी जास्त चांगली आहे. घरात मी जाहीर केलं की रंगूबाईचं वय झालं, त्यांना कशाला त्रास. पासष्टाव्या वर्षी ती माझ्या दुप्पट लाकडं उचलते हे सगळ्यांना माहीत होतं. धनेश तेवढा म्हणाला, “मम्मी, नारळ नाही दिला तर मोठ्या आईला काय वाटेल?” मला काय वाटतं हे त्याने कधी विचारलं होतं?

मी शिकलेली बाई. लाकूड वाजवून वास घेत बसणार नव्हते. शंभर पानी वही आणली, रकाने आखले. लाकडाचं नाव, वजन, पेटायला लागलेला वेळ, धूर किती, चार लिटर पाणी उकळायला किती मिनिटं. परसात तीन विटा मांडल्या. प्रत्येक जातीचं दोन किलो लाकूड काट्यावर तोललं, मोबाइलचं घड्याळ लावलं आणि आठवडाभर पाणी उकळत बसले. आंब्याला एकोणीस मिनिटं लागली आणि डोळे लाल झाले ते वेगळे. बाभळीला चौदा. चिंचेला बारा. निलगिरीला अकरा, वर औषधाच्या दुकानासारखा वास. शेवटी चुलत पुतण्या मनोजने त्याच्या गोदामातून एक मोडकं पॅलेट आणून दिलं. माल ठेवायच्या त्या परदेशी फळ्या हो, आमच्याकडे उकिरड्यावरही सापडतात. काडी लावायचा अवकाश, भडका उडाला. नऊ मिनिटांत पाणी खळखळलं.

नऊ! मी ते लाल पेनाने गोल केलं. पाच गावांना इतकी वर्षं बाभूळ-बाभूळ करून गुंडाळलंस काय, असं मला गडग्यावरून ओरडावंसं वाटलं.

ओरडायची गरज पडली नाही. ती गडग्यापलीकडे तांदूळ पाखडत होती. आठवडाभर बघतच होती. म्हणाली, “काय गो मास्तरीण, रोज चाय ठेवतस काय?”

“प्रयोग आहे,” मी म्हटलं.

“पानीच उकलतस. पानी उकलून जेवन होतं काय?” एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली. मला वाटलं, जळली. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मनोजने टेम्पोभर पॅलेट आणली. हळदीच्या दिवशी दुपारी तीन वाजता मांडवामागे चार चुली मांडल्या. मी पदर खोचला, वही पाटाखाली ठेवली आणि चुली पेटवल्या. बायकांच्या म्होरक्या जानकीबाई, आयुष्यभर भाकऱ्या थापलेली बाई. फळ्यांकडे बघून त्यांनी भुवया वर केल्या, पण नवरदेवाच्या आईला कोण बोलणार?

जाळ झाला तो छातीएवढा. तवे लालबुंद. पहिली भाकरी टाकली ती खालून काळी, वरून कच्चं पीठ. जाळ कमी करायला फळी ओढली तर ती निम्मी जळून गेलेली. पुन्हा घातली तर पुन्हा भडका. धुराला रंगाचा वास, आणि राखेचे काळे पापुद्रे उडून उकडीवर बसायला लागले. भाकरी फुगवायला निखारा लागतो. मी चिमटा घालून निखारा शोधत होते आणि चिमट्याला लागत होते खिळे. तेव्हा कळलं. माझ्या वहीत पाच रकाने होते, निखाऱ्याला रकानाच नव्हता. जाळ संपल्यावर मागे काय उरतं हे मी बघितलंच नव्हतं.

साडेचार वाजले. साठ भाकऱ्या झाल्या होत्या, त्यातल्या तीस माणसाला वाढण्यासारख्या. सात वाजता पंगत. जानकीबाईंनी हात धुतले आणि हळूच म्हणाल्या, “बाय, रंगूबायला हाक मारा. अजून टाईम हाय.”

मांडवात नारळांचं पोतं होतं. माझ्यापासून पाच पावलांवर. सूपही तिथेच होतं, कुंकवाचा करंडाही. मी बघितलं आणि तशीच पुढे गेले. नारळ घेऊन जाणं म्हणजे हरले म्हणणं होतं, आणि माझ्या मुलाच्या हळदीला मला हरायचं नव्हतं. मी रिकाम्या हाताने तिच्या दारात उभी राहिले.

ती नवं लुगडं नेसून पडवीत बसली होती. म्हटलं, “बाय, सुकी लाकडं असतील का?”

तिने माझ्या हातांकडे बघितलं. मग उठून पडवीच्या टोकाची ताडपत्री ओढली. खाली छपरापर्यंत लाकडं रचलेली. फोडलेली, सारख्या मापाची, एका बाजूला बाभूळ, एका बाजूला चिंच.

“रस्ता मोठा केला तवा पारलेल्या झारांची लाकडा,” ती म्हणाली. “दोन पावसालं झाकून ठेवलीत. धनेशच्या हलदीची हायत. ने.”

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला आला राग. माझ्या मुलाच्या हळदीची तयारी हिने दोन वर्षं आधी केली, मी आठवडाभर!

मनोजने आणि बायकांनी लाकडं वाहिली. मागोमाग ती आली, हातात पाट घेऊन. चुलींपासून चार हातांवर तिने पाट टाकला आणि चुलींकडे पाठ करून बसली. तोंड मांडवाच्या कापडाकडे. नारळ नव्हता, म्हणून. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

“राख कार आधी सगली,” ती कापडाला सांगितल्यासारखी बोलली. “खिले वाजतात.”

मी राख काढली.

“बाभूल तलाला घाल. चिंच वर. चिंच पेटली की मागं ओर तिला, तिचा काम झाला. म्होरचा बाभूल करील.”

मी तसं केलं. जाळ बसका झाला, तव्याखाली पसरला. एकही ठिणगी उडाली नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, “तिसऱ्या चुलीत एक ओला हाय. चूं करतंय.” मी वाकून बघितलं. एका चिंचेच्या ढलपीच्या टोकाला खरंच फेस आला होता. ती ढलपी चार हातांवर, हिची पाठ तिकडे, बारा बायका बडबडतायत, डीजेवाला माइक तपासतोय आणि हिला ऐकू येतं. वही उघडून, डोळे फाडून मला जे दिसलं नाही ते हिला न बघता कळत होतं. त्या क्षणी मी तिचा जेवढा हेवा केला तेवढा आयुष्यात केला नसेन.

भाकऱ्या पांढऱ्याशुभ्र उतरायला लागल्या. निखारे पुढे ओढले की त्यावर टेकवलेली भाकरी टम्म फुगायची. टोपल्या भरत गेल्या. सहाच्या सुमारास धनेश आला, कपाळापासून पायापर्यंत पिवळा. त्याने टोपलीतली भाकरी मोडून तोंडात टाकली, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मम्मी! एक नंबर! आज मोठ्या आईपेक्षा भारी झालीय!”

बायकांचे हात थांबले. चुलीपाशी मी, चिमटा माझ्या हातात. पलीकडे पाठमोरी बसलेली बाई त्याला पाहुण्यांतली कोणीतरी वाटली असावी. इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते बोलून तो माझ्यासमोर उभा होता. नुसतं बोट दाखवायचं होतं मला.

“खा,” मी म्हटलं. “गरम आहे तोवर खा.”

तो गेला. रंगूबाईची पाठ हलली नाही. तिकडून आवाज आला, “पयल्या चुलीचा निखारा म्होरं घे.”

पंगत उठली ती माझं नाव घेत. पंधरा दिवसांनी काल्हेरहून दोन बायका सूप घेऊन आल्या, रंगूबाईच्या दारावरून पुढे, माझ्या दारात. म्हणाल्या, “धनेशच्या हलदीची भाकर खाल्ली. आमची चूल तुमीच लावा.” रंगूबाई तिच्या ओट्यावर लसूण सोलत होती. मी नारळ घेतला. हो, घेतला! देव्हाऱ्यात ठेवला आणि येता-जाता बघत राहिले.

दोन दिवस सुखात गेले. तिसऱ्या दिवशी मी वही काढली, म्हटलं निखाऱ्याचा रकाना आखू. आखला आणि लिहायला काही सुचेना. बाभूळ किती आत सारायची, चिंच कधी ओढायची, यातलं मी काहीच बघितलं नव्हतं. मी फक्त ऐकलं होतं आणि केलं होतं. काल्हेरच्या मांडवात माझ्या मागे पाट टाकून कोण बसणार होतं?

आज दुपारी तो नारळ घेऊन मी गडग्याला वळसा घालून गेले. ती पडवीत होती. ताडपत्रीखाली उरलेली बाभूळ नीट रचून ठेवलेली. मी नारळ तिच्यापुढे ठेवला. “बाय, हा काल्हेरचा. तुमचा आहे. चुकून माझ्याकडे आला.”

“चुकून कशाला येल?” ती म्हणाली. “माज्याच दारावरनं गेला.” तिने नारळ उचलून कानाशी हलवला, पाणी वाजलं, आणि बाजूला ठेवला. रागावली नाही. रागावली असती तर मला भांडता आलं असतं.

“काल्हेरला जाईन मी,” ती म्हणाली. “त्यांचा नारल आला. पन तुजा कुठं हाय?”

धनेशच्या हळदीचा नारळ मी अजून दिलाच नव्हता. चांगले नारळ नाक्यावर मिळतात. मी चपला घालून निघाले. धनेशची शिफ्ट सहाला सुटते. तो घरी यायच्या आत नारळ तिच्या हातात द्यायचा होता, आणि तो आला की त्याला तिच्या पडवीतच बोलावून, तिच्यासमोर, ती भाकरी कोणाची होती ते सांगायचं होतं.