एक सत्र मागून आलेले वसंतराव

कर्नल वसंतराव देवरे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांचे डोळे तांबारलेले होते. सैनिकी प्रबोधिनीतला आमचा तो पहिला आठवडा. दोघांत एक खोली मिळाली होती आणि हे गृहस्थ रोज सकाळी न झोपताच कवायतीला उभे राहायचे. मी कारण विचारले. "इथे फार शांत आहे," ते म्हणाले. मालेगावला त्यांच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता, वडील तिथेच मागावर कामाला होते, आणि जन्मापासून त्या खडखडाटात झोपलेल्या मुलाला शांततेची सवयच नव्हती. मी म्हटले, मी घोरतो, बघ काही उपयोग होतो का. दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, "चालेल." आमच्या मैत्रीचा पाया माझ्या घोरण्याने घातला, हे त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात नोंदवताना मला अभिमान वाटतो.

मजकूर आदरार्थी बहुवचनात हवा, असे संपादक मंडळाने बजावले आहे. ज्यांना आयुष्यभर "वश्या" म्हणत आलो त्यांना कागदावर "वसंतराव" म्हणताना पेन जरा अडखळते. पण हुकूम तो हुकूम.

मी नाशिकचा. गोदावरीच्या काठी वाढलेल्या मुलाला पोहायला कोणी शिकवत नाही, आई फक्त ओरडते आणि तो शिकतो. वसंतरावांच्या गल्लीत पाणी यायचे ते नळाला, तेही दिवसाआड. प्रबोधिनीत पोहण्याची चाचणी असे. उंच फळीवरून उडी मारायची आणि मग तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायचा. उडी त्यांनी बेधडक मारली. उडीत काही कठीण नाही, फळी संपली की ती आपोआप होते, असे ते पुढे सांगत. पण पलीकडचे टोक जवळ आले असताना त्यांचा दम संपला आणि त्यांनी बाजूचा काठ धरला. काठ धरला की नापास. शेवटच्या संधीलाही तेच झाले. बाकी सगळ्यात उत्तम असलेले वसंतराव एक सत्र मागे गेले.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, यात एवढे काय? शाळेतही मुले नापास होतात आणि पुढे सगळे विसरतात. सैन्यात तसे नाही. ज्यांच्याबरोबर तुम्ही दीक्षान्त संचलन करून बाहेर पडता तो तुमचा कोर्स, तोच पुढे तुमचा गोतावळा. तुमची ज्येष्ठताही त्यावरूनच ठरते, थेट निवृत्तीपर्यंत. आम्ही संचलन करून बाहेर पडलो तेव्हा वसंतराव कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या सत्रात ते आमच्या नंतरच्या कोर्सबरोबर बाहेर पडले. त्या मुलांना ते सीनियर म्हणून माहीत होते. त्यामुळे आमच्यात ते उरले नाहीत आणि त्यांच्यात पुरते मुरले नाहीत.

मधल्या सुटीत मी मालेगावला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आईंनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि शेजारणीला सांगितले, "हाऊ बी मनाच पोऱ्या शे." हाही माझाच मुलगा, म्हणाल्या. वसंतराव खाली मान घालून जेवत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला आता सर म्हणावं लागेल बरं का." म्हणाले आणि स्वतःच हसले. मला काही हसू आले नाही.

आणि ते खरोखरच "सर" म्हणाले. पुढे एका ठाण्यावर आम्ही दोघे एकाच वेळी होतो. माझ्या जवानांसमोर त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला आणि "सर" म्हणून कामाचे विचारले. मी ओशाळलो. संध्याकाळी घरी आले, माझ्याच खुर्चीत पाय ताणून बसले आणि म्हणाले, "आता चहा टाक." शिस्त कुठे संपते आणि मैत्री कुठे सुरू होते याबद्दल त्यांच्या मनात कधी गोंधळ नव्हता.

त्या जादाच्या सत्रात ते पोहायला शिकले. इतके नेटाने शिकले की पुढे त्यांच्या तुकडीत पाण्याला भिणारा एकही जवान त्यांनी तसाच सोडला नाही. भिणाऱ्यांना काठावर बसवायचे, स्वतः आधी पाण्यात उतरायचे आणि सांगायचे, "मी यात नापास झालेला माणूस आहे. माझ्यासमोर कसली लाज?" ज्या गोष्टीने आपल्याला खाली पाहायला लावले ती लपवायची नाही, कामाला लावायची, ही त्यांची रीत तेव्हापासूनची आहे.

आमचा कोर्स देशभर विखुरला. बदल्या, लग्ने, मुलांच्या शाळा, कोणाची सीमा तर कोणाचे मुख्यालय. या सगळ्यात आम्हाला एकत्र ठेवले ते कोर्सच्या यादीत नाव नसलेल्या या माणसाने. त्यांनी नाशिकला घर केल्यापासून आमच्यापैकी कोणाचीही गाडी इगतपुरीचा घाट चढून वर आली की नाशिकरोडच्या फलाटावर निर्मलावहिनींचा डबा तयार असे. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. वसंतराव बदलीवर बाहेरगावी असले तर वहिनी स्वतः येत. आमच्यातले काही जण नाशिकला कधी उतरलेच नाहीत, पण वहिनींच्या हाताची चव त्यांना ठाऊक आहे.

माझी पत्नी गंभीर आजारी होती तेव्हाची गोष्ट. मी दवाखान्यातच राहत होतो आणि मनाने खचलो होतो. वसंतराव रोज सकाळी यायचे. धीराचे एक वाक्यही त्यांनी कधी उच्चारले नाही. पिशवीतून दाढीचे सामान काढून माझ्या हातात द्यायचे. "दाढी न करता तिच्यासमोर जाऊ नकोस," म्हणायचे, "तिला वाटेल तू हरलास." ती बरी होऊन घरी आली. आजही मी दाढीचा कंटाळा केला की ती परस्पर वसंतरावांना फोन लावते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या वार्षिक मेळाव्यात एक प्रथा आहे. जेवणाआधी हजेरी होते. संचलनाच्या वेळची यादी मोठ्याने वाचली जाते आणि ज्याने त्याने "हजर" म्हणायचे. जे आता जगात नाहीत त्यांचीही नावे वाचली जातात आणि त्यांच्या वतीने प्रबोधिनीतला त्यांचा खोलीतला सोबती "हजर" म्हणतो. यादी वाचण्याचा मान ब्रिगेडियर बलजीत यांचा. लुधियानाचे हे आमचे मित्र नियमाला एकदम पक्के, आणि प्रबोधिनीच्या काळात पोहण्यात आमच्यात पहिले. वसंतरावांचे नाव यादीत घ्या, असे मी सुचवले की ते म्हणत, "रूल तो रूल है." त्यांना दुजोरा द्यायला वसंतरावच पुढे. हजेरी सुरू झाली की ते उठून स्वयंपाकाकडे जात. मेळावा त्यांनीच भरवलेला, पाहुणे त्यांचेच, आणि दरवर्षी नेमके त्याच वेळी त्यांना भाजीतले मीठ बघायचे असे. मला ते फार लागायचे. त्यात थोडा स्वार्थही होता. माझ्या खोलीतला सोबती एकच, आणि तोच यादीत नाही. उद्या माझ्या वतीने कोण बोलणार, हे मी कोणाला कधी विचारले नाही.

निवृत्तीनंतर वसंतरावांनी हाती घेतलेले काम जिल्ह्याला माहीत आहे. आपल्याकडे द्राक्षबागांसाठी जागोजाग शेततळी झाली. तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरते, आणि आत घसरलेल्या माणसाला, तो पोहणारा असला तरी, वर येता येत नाही. ओळखीच्या एका घरातले मूल असे गेले आणि वसंतराव कामाला लागले. तळ्यावर आडवा दोर, त्याला हवा भरलेल्या ट्यूब, आणि चारी बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठींचे दोर, एवढेच ते साधन. गाठी ते स्वतः मारतात. त्यात त्यांचा हात वडिलांसारखा चालतो, मागावर तुटलेला धागा जोडावा तसा. शेतकरी कधी टाळाटाळ करतात. दिंडोरीकडचे एक बागायतदार माझ्यासमोर म्हणाले, "साहेब, पुढल्या सालाला बांधू की. आत्ता छाटणीची लय घाई हाय." वसंतराव म्हणाले, "तुम्ही खुशाल छाटणी करा. मी माझा दोर घेऊन आलोय. तुम्ही फक्त चहा पाजा." त्या माणसाला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

मागच्या मेळाव्यात त्यांनी आम्हा सगळ्यांना त्याच बागायतदारांच्या दुसऱ्या तळ्यावर दोर बांधायला नेले. निवृत्त अधिकाऱ्यांना काम सांगितले की ते आधी चर्चा करतात, तशी भरपूर चर्चा झाली. बलजीत यांना दोर टाकण्याची अधिक शास्त्रशुद्ध पद्धत माहीत होती. ती दाखवायला ते कडेला गेले आणि बुटासकट आत घसरले.

आधी आम्ही हसलो. ते पोहतही सुरेख होते, या वयात. काठाशी आले, कागदावर हात टेकला आणि मागे घसरले. दुसऱ्या बाजूने आले, तेच झाले. मग त्यांचा श्वास आम्हाला वरून ऐकू येऊ लागला आणि आमचे हसणे थांबले. वसंतरावांनी तोवर हातातल्या दोराचे टोक खांबाला बांधले होते. ते कडेला पालथे पडले आणि दोर फेकून ओरडले, "बल्ली, तैरना छोड़! रस्सी पकड़!" पोहणाऱ्या माणसाला पोहणे सोडवत नाही. दोनदा सांगावे लागले. मग त्यांनी दोर धरला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना वर ओढले.

बागायतदारांनी घोंगडी आणली, चहा आणला. बलजीत यांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. मग हळूच म्हणाले, "मैं तो फर्स्ट आया था, यार." वसंतराव त्यांच्या बुटांतले पाणी ओतत होते. "तळ्याला कुठे माहीत होतं?" म्हणाले.

संध्याकाळी हजेरी सुरू झाली. वसंतराव नेहमीप्रमाणे उठले. बलजीत यांनी यादीची घडी केली, ती खिशात टाकली आणि पहिल्या सत्रात पुकारत तशी नावे तोंडपाठ म्हणू लागले. त्या क्रमात माझ्या आधी येणारे नाव त्यांनी घेतले, "कॅडेट देवरे."

वसंतराव दारात थांबले. वळले नाहीत. "बल्ली, रूल तो रूल है," एवढेच म्हणाले. बलजीत यांनी पुन्हा तेच नाव घेतले, "कॅडेट देवरे." उत्तर आले नाही. त्या शांततेत मला एकदम आठवले की आमची प्रथा काय आहे. जो उत्तर देत नाही त्याच्या वतीने त्याच्या सोबत्याने बोलायचे असते. मी उठून उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "हजर."

वसंतराव गर्रकन वळले. "अरे, मी मेलोय का?" म्हणाले. सगळे हसले. त्यांना मात्र हसता येईना. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, आणि ताठ उभे राहून म्हणाले, "हजर." मग माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. त्या दिवशी भाजी खारट झाली होती. कोणी तक्रार केली नाही.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या वसंतरावांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य चिंतावे, अशी या ग्रंथाची अपेक्षा आहे. माझी त्याहून थोडी जास्त आहे. एक सत्र मागे राहण्याचा अनुभव आमच्यात फक्त त्यांनाच आहे, तो त्यांनी आता पुन्हा वापरावा. आम्ही सगळे पुढे होऊ. त्यांनी निर्मलावहिनींच्या हातच्या भाकऱ्या खात, दात आणि गुडघे शाबूत ठेवून, गावोगाव दोर बांधत, अगदी सावकाश मागून यावे. त्यांना घाई करण्याचा हक्क नाही, कारण एक काम त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला करता येणार नाही. कधीतरी एका मेळाव्यात माझे नाव पुकारले जाईल आणि उत्तर येणार नाही. तेव्हा वसंतरावांनी भाजीतले मीठ बघायला उठू नये. तिथेच उभे राहावे, आणि माझ्या वतीने "हजर" म्हणावे.