बागबाजारची सभा आणि मामाचं मत

हावडा स्टेशनातून बाहेर पडल्यावर मामाने टॅक्सीवाल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी बॅग उचलून तो सरळ नदीकडे चालू लागला. "पाहुणे पुलावरून जातात आणि तिथेच अडकतात. आपण लाँचने जाऊ," म्हणाला.

जानेवारीतली सकाळ होती. हुगळीवर इतकं धुकं होतं की पलीकडचे घाट आधी ऐकू आले आणि मग दिसले. कपडे आपटल्याचा आवाज, शंखाचा आवाज, मग पायऱ्या, लाल विटांची जुनी गोदामं, पाण्यात तरंगणारा झेंडूचा हार. बागबाजार घाटावर उतरून आम्ही रेल्वेचे रूळ ओलांडले आणि मामाच्या पाड्यात (आळीत) शिरलो. एका मुलीने त्याला "काकू!" अशी हाक मारली. मी दचकले. बंगालीत काकाला काकू म्हणतात, आणि मामाला त्याची वीस वर्षांपासून सवय आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. सोळा वर्षं सैन्यात, सिग्नलमध्ये होता. नंतर बँकेत लागला, बँकेने कोलकात्याला पाठवलं आणि तो इथलाच झाला. कंपनीने मला दोन आठवड्यांसाठी न्यू टाउनच्या ऑफिसात पाठवलं होतं. हॉटेलची सोय होती, पण मामी ऐकेना.

"ताई, तू आलास!" अनुजाने दारातच मिठी मारली. माझी मामेबहीण इथेच जन्मली. बंगालीत क्रियापदाला बाई-पुरुष नसतो, त्यामुळे तिच्या मराठीत मी कधी मुलगी असते, कधी मुलगा. मला हसायचा अधिकार नाही. मी इंग्रजी शाळेतली; हे लिहिताना आई शेजारी बसून माझी वेलांटी सुधारते आहे.

नाश्त्याला लुची (मैद्याच्या पुऱ्या) आणि छोलार डाल (खोबऱ्याचे काप घातलेली हरभऱ्याची डाळ) होती. ताटावरच अनुजाने बातमी सांगितली. पाड्याच्या क्लबात दर हिवाळ्यात वादसभा होते. विषयाची सुरुवात ठरलेली: "सभार मते", म्हणजे सभेच्या मते. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठीवर ठरतं, आणि शेवटी प्रेक्षक हात वर करून निकाल देतात. या वर्षीचा विषय होता: सभेच्या मते, शेजारच्या देशातल्या माणसांना वाचवायला आपलं सैन्य पाठवणं योग्य आहे. अनुजाच्या चिठ्ठीवर "बाजूने" आलं होतं.

मामा उठून हात धुवायला गेला.

"बघितलंस?" अनुजा कुजबुजली. "बाबा शांतिसेनेतून श्रीलंकेत गेला होता. दोन वर्षं. विचारलं की म्हणतो, तिथे गरम होतं. बस्! ताई, मला स्टेजवर म्हणायचंय की माझे बाबा गेले होते. पण अभिमानाने म्हणू की नको, तेच मला माहीत नाही. तू विचार ना."

"मी? मी कोणाला काही विचारत नाही."

"म्हणूनच तुला सांगेल."

पहिल्या आठवड्यात मी न्यू टाउनचे रुंद रस्ते आणि काचेच्या इमारती पाहिल्या. त्या पुण्यातल्यासारख्याच आहेत, फक्त दुपारी कॅन्टीनमध्ये मासा असतो. शुक्रवारी संध्याकाळी मी चुकीच्या बसमध्ये बसले आणि सियालदहला पोचले. स्टेशनातून माणसांचे लोंढे बाहेर येत होते, फ्लॉवरच्या पाट्या डोक्यावरून जात होत्या आणि मी एका खांबाला पाठ लावून उभी होते. फोन केला. "खांब सोडू नकोस," मामा म्हणाला, आणि पाऊण तासात आला. बसला गर्दी होती, म्हणून आम्ही चालतच निघालो.

"हा रस्ता आपल्यामुळे झाला," तो म्हणाला. "इथे मराठा खंदक होता. आपल्या घोडेस्वारांच्या भीतीने शहराभोवती खणला, पार बागबाजारपासून. आपले लोक इथवर आलेच नाहीत, पण बाकी बंगाल लुटला. इथे अजून लहान मुलांना बर्गी येतील म्हणून झोपवतात. बर्गी म्हणजे आपण."

बराच वेळ चालल्यावर तोच पुढे बोलला.

"आम्ही लंकेत उतरलो तेव्हा लोकांनी हार घातले होते. आमच्या तळाशेजारी एक बाई राहायच्या, माझ्या आईच्या वयाच्या. आम्ही त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचो. मला तंबी म्हणायच्या, धाकटा भाऊ. पुढे, ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याच पोरांशी आमची लढाई सुरू झाली. एक दिवस घरांच्या झडतीचा हुकूम आला. त्यांच्याकडे काही सापडलं नाही. पण ट्रंक उलटी केली होती, साड्या जमिनीवर पडल्या होत्या. मी एक उचलून घडी घालायला लागलो. त्या म्हणाल्या, वेण्डाम. नको. बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

ट्रामचे जुने रूळ ओलांडताना त्याने माझा दंड धरला, मी लहान असताना धरायचा तसा.

"जाणंच चुकलं होतं का मामा?"

"जायच्या दिवशी नाही वाटलं. आणि एकाहत्तरला आपण पूर्वेला गेलो ते बरोबरच होतं. या पाड्यात त्यामुळे जगलेली माणसं आहेत. मला दोन्ही माहीत आहे ना, म्हणून बोलता येत नाही."

"अनुजाला सांगू?"

"तिला भाषणाला जे हवंय ते यात नाही."

घरी आल्यावर अनुजाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. मी म्हटलं, "ते त्याचं आहे. त्यालाच विचार." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मामीने नोलेन गुडाची (खजुराच्या नव्या गुळाची) संदेश मिठाई आणली, तर तिने माझ्यासमोरून बशी उचलून आत नेली. मला एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण तिने तो प्रसंग स्टेजवर वापरला असता, आणि मामा पुन्हा कोणाला काही बोलला नसता.

रविवारी संध्याकाळी क्लबातले कॅरम भिंतीला टेकवून खुर्च्या मांडल्या होत्या. पाड्यातले आजोबा माकडटोपी घालून, मफलर गुंडाळून पहिल्या रांगा अडवून बसले होते. मामा मागच्या रांगेत कडेला बसला. मला बंगाली अर्धंच समजतं, म्हणून मामी कानाशी सांगत होती.

विरुद्ध बाजूचा अभीक, डॉक्टरकीचा विद्यार्थी, उठताच म्हणाला, "बर्गीच्या मुलीकडून आता सैन्य पाठवायचे धडे घ्यायचे का?"

हशा पिकला. अनुजा शांतपणे म्हणाली, "बर्गी इथे आलेच नाहीत, दादा. खंदक खणायचे कष्ट तुम्ही फुकट केलेत."

माकडटोप्या टाळ्या पिटू लागल्या. मग ती खरं बोलू लागली. तिने पहिल्या रांगेतल्या शेफालीमाशींकडे (माशी म्हणजे मावशी) हात केला. एकाहत्तरला त्या सात वर्षांच्या असताना वडिलांच्या खांद्यावर बसून नदी ओलांडून आल्या होत्या. "तेव्हा सगळं जग ठराव लिहीत होतं," अनुजा म्हणाली. "सैन्य गेलं नसतं तर माशींच्या मागे राहिलेल्या बहिणींचं काय झालं असतं? शेजारी माणसं मरत असताना हद्दीची रेघ बघत बसणं, ही शांतता नाही." शेफालीमाशी पदराने डोळे पुसत होत्या.

अभीक आता चेष्टा करत नव्हता. "एकाहत्तर एकदा झालं," तो म्हणाला. "पण दर वेळी कोणाला वाचवायचं ते कोण ठरवतं? जिथे सरकारचा फायदा असतो, तिथलीच माणसं सरकारला दिसतात. आणि वाचवायला गेलेलं सैन्य परत कधी यायचं, हे जाताना कोणी सांगतं का?"

उत्तराला अनुजाकडे एक मिनिट होतं. "माझे..." ती म्हणाली, आणि मागच्या रांगेकडे बघून थांबली. मग तिने पाण्याचा घोट घेतला आणि शेफालीमाशींच्या नदीबद्दलच एक वाक्य बोलून खाली बसली.

बाजूने कोण? हातच हात. मीही वर केला. विरुद्ध कोण? सात-आठ हात वर झाले. त्यांत एक कोपरात न वाकलेला, हजेरी द्यावी तसा सरळ. मामाचा.

अनुजाने तो पाहिला. तिला ढाल मिळाली, फुलं मिळाली, फोटो निघाले, पण ती परत परत त्या कोपऱ्याकडेच बघत होती.

बाहेर चहाच्या टपरीवर भांड (मातीचे पेले) हातात घेऊन आम्ही उभे होतो. "बाबा, तू माझ्या विरुद्ध हात वर केलास?"

"केला."

"मी वाईट बोलले?"

"फार चांगलं बोललीस. इतकं चांगलं की बावीस वर्षांचा असतो तर मी उद्या निघालो असतो." त्याने चहावर फुंकर मारली. "आम्हालाही असंच पटवून दिलं होतं. सांगणारे खोटं बोलत नव्हते, अनू. त्यांनाही पटलेलं होतं. म्हणून वाटलं, जाऊन आलेल्यातला एक तरी हात विरुद्ध दिसावा."

"मग मला सांग ना, काय झालं ते."

"मोठं आहे."

"मला वेळ आहे."

मामीने ढाल माझ्या हातात दिली आणि माझं कोपर ओढलं. आम्ही दोघी पुढे निघालो.

निघायच्या दिवशी अनुजा संदेशाचा डबा घेऊन माझ्या खोलीत आली. ही तिची माफी होती. "ताई, ती साडी कुठल्या रंगाची होती, तुला सांगितलं?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणाला, आठवत नाही. ते आठवत नाही म्हणून रडला." तिने डबा माझ्या बॅगेत नीट बसवला. "मी सोबत बसून राहिले. एवढंच केलं."

परतीच्या गाडीत माझ्यासमोर दोन गृहस्थ होते. रायपूर सुटल्यावर एकाने फोनवर कुठल्यातरी देशाची बातमी वाचली आणि दोघांचं ठरलं, सैन्य पाठवायलाच हवं. एरवी मी कानात हेडफोन घालते.

"तुम्हाला काय वाटतं, मॅडम?"

"कोणाला पाठवायचं?" मी विचारलं.

"म्हणजे? सैन्याला."

"हो, पण कोणाला?"

मला वाद घालायचा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढं बोलूनही माझे कान तापले होते. खिडकीकडचे गृहस्थ फोन खिशात ठेवून म्हणाले, "माझा भाचा आहे सैन्यात. सिग्नलमध्ये. चोवीस वर्षांचा."

मग नागपूर येईपर्यंत ते त्या भाच्याबद्दलच बोलत होते.