सरांच्या पोटातला पट्टा

गाडी शिकायला येणाऱ्या लोकांत सरांविषयी एक ठाम समजूत होती. माणूस भला आहे, शिकवतो झकास, पण टायरच्या बाबतीत जरा वेडा आहे. धडा चालू असताना मध्येच ते हात वर करायचे, बोटानेच गाडी बाजूला घ्यायची खूण करायचे आणि उतरून थेट मागच्या चाकाकडे जायचे. तिथे बराच वेळ वाकून उभे राहायचे. परत येऊन बसले की डोळे लाल, आवाज बसलेला, आणि वर उपदेश: "टायरवर नजर ठेवत जा. लोक इंजिनाचे लाड करतात आणि टायरला विसरतात." शिकाऊ मंडळी मान डोलवायची. एका बाईंनी तर परीक्षेच्या दिवशी परीक्षकाला गाडीत बसवून ठेवलं आणि खाली उतरून मागचं चाक बघून आल्या. पास झाल्या, ही त्यांची पुण्याई.

टायरला काहीही झालेलं नसायचं. सरांच्या जठराला, अगदी वरच्या तोंडाशी, सिलिकॉनचा एक पट्टा आवळलेला होता, आणि त्या पट्ट्याच्या वर दुपारच्या अंड्याचा घास अडकून बसलेला असायचा. घास अडकला की छातीच्या मधोमध कळ येते. तोंडात चिकट लाळ सुटत राहते, ती गिळता येत नाही आणि बोलायची तर सोयच नाही. पाणी प्यावं तर तेही वरच तुंबतं. आत गेलेलं बाहेर काढलं तरच सुटका. म्हणून सरांच्या खिशात कायम एक जाड पिशवी आणि दोन रुमाल असायचे. मागच्या चाकाशी वाकायचं, काम उरकायचं, तोंड पुसायचं, टायरला उगाच एक लाथ मारायची आणि परत येऊन म्हणायचं, "चला, आरसा बघा, सिग्नल द्या."

ऑपरेशनच्या आधी सर एवढे जाड होते की त्यांच्या बाजूला गाडी झुकायची. शिकणाऱ्याने गिअर टाकला की त्याचा हात सरांच्या मांडीला लागायचा आणि दोघेही एकदम "सॉरी" म्हणायचे. ड्रायव्हिंग स्कूलमधल्या बाकीच्या शिक्षकांनी त्यांचं नाव एअरबॅग ठेवलं होतं. सर त्यावर सगळ्यांच्या आधी हसायचे. आपण आधी हसलो की दुसऱ्याच्या हसण्याची धार जाते, हे जाड माणसाला फार लहानपणी कळतं. पुढे गुडघे गेले, जिना चढताना धाप लागायला लागली, साखर वाढली. शेवटी बायकोने धरून हॉस्पिटलात नेलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हा पट्टा घातला.

पहिली दोन वर्षं दृष्ट लागावी अशी गेली. सर उतरत गेले. गळ्याला कॉलर सैल झाली, चेहऱ्याला हनुवटी आली. आरशासमोर उभे राहून ते त्या हनुवटीला हात लावून बघायचे आणि बायको दारातून म्हणायची, "अहो, तुमचीच आहे, कुणी परत मागायला येणार नाही." हॉस्पिटलच्या भिंतीवर त्यांचे दोन फोटो लागले, आधीचा आणि नंतरचा. ऑपरेशन करावं की नको अशा विचारात असलेल्या लोकांची तिथे दर महिन्याला एक बैठक भरते. त्या बैठकीत सरांना बोलावणं असायचं. सर आपली जुनी पँट घेऊन जायचे, तिच्या एकाच पायात आपले दोन्ही पाय घालून उभे राहायचे आणि लोक टाळ्यांचा कडकडाट करायचे. असल्या टाळ्या सरांना जन्मात कुणी दिल्या नव्हत्या.

भानगड त्यानंतर सुरू झाली. या पट्ट्याची गंमत अशी, की तो बाहेरून घट्ट आणि सैल करता येतो. पोटाच्या कातडीखाली बटणाएवढी एक डबी बसवलेली असते. तिच्यात सुईने मिठाचं पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल पडतो. सरांचं वजन जरा वर सरकलं. बैठक तोंडावर आली होती, पँटचा खेळ रंगला पाहिजे, म्हणून सर गेले आणि पट्टा आवळून आले. आवळल्यावर पाव अडकायला लागला, मग भात अडकायला लागला, मग भाजी. अडकत नव्हतं ते फक्त आइस्क्रीम, दुधाचे गोड शेक आणि चहात बुडवून चिखल केलेली बिस्किटं. ती मात्र सुळ्ळकन खाली. माणूस उपाशी किती राहणार? सर तेच खायला लागले. वजन आणखी चढलं. सर पुन्हा गेले आणि आणखी आवळून आले.

"काही अडकत नाही ना? उलटी?" नर्स दर वेळी सुई टोचण्याआधी विचारायची.

"छे, छे," सर म्हणायचे. "मस्त चाललंय."

हो म्हटलं असतं तर तिने आवळायच्या ऐवजी सैल केला असता. आणि सैल म्हटलं की सरांच्या डोळ्यांपुढे ती जुनी पँट उभी राहायची, पूर्ण भरलेली. वास्तविक सैल केला असता तर सर साधं जेवण जेवले असते आणि वजन आपोआप उतरलं असतं. एवढं साधं गणित. पण घाबरलेल्या माणसाला गणित येत नाही. हाताला लागेल ते तो आणखी घट्ट धरतो, एवढंच.

अशी वर्षं गेली आणि सर थकले. नुसते दमले नाहीत, थकले. जेवायला बसायचं तेच धास्तीने. एकेक घास तोंडात घोळवत बसायचं, तोवर बाकीच्यांची ताटं धुऊन व्हायची. नातेवाइकांकडे गेलं की "एवढंच? अहो, घ्या ना, आमच्याकडचं आवडलं नाही का?" याला तेच उत्तर तेच हसू आणून द्यायचं. झोपताना पाठीशी चार उशा, कारण आडवं झालं की घशाशी आंबट येतं. भूक तर कुठे गेलीच नव्हती, ती आपली समोर बसून राहिलेली. लोक म्हणायचे, "सर, मानलं तुम्हाला, काय जिद्द आहे!" आणि सरांना वाटायचं, कुणीतरी एकदा नुसतं म्हणावं, "बसा जरा, फार झालं तुमचं." पण ते कुणी म्हणणार कसं? सरांनी कधी कुणाला कळूच दिलं नव्हतं.

त्यांना एकच मुलगी. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर कुठली फ्रेम शोभेल हे तिला बघता क्षणी कळायचं. अंगाने थेट बापावर गेलेली. चष्म्याच्या काड्या कानामागे नीट बसवत असताना लोक तिला खुशाल विचारायचे, "ताई, थायरॉइड वगैरे तपासलंय का?" ती हसून म्हणायची, "तपासलंय, तुमचा नंबर सांगा." घरी येऊन ती हे किस्से नक्कल करून सांगायची आणि आई पोट धरून हसायची. सरांना त्यात आपलंच जुनं हसू ऐकू यायचं आणि जीव कासावीस व्हायचा.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी हॉस्पिटलात जाऊन आले. मीही तुमच्यासारखा पट्टा बसवून घेतेय."

आईने हातातला वाढायचा डाव खाली ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बाबांचं बघून धीर आला गं तुला. बरं केलंस."

"घाई कशाला?" सर म्हणाले.

"घाई कसली? तुमच्या वेळी आम्ही म्हटलं का, घाई कशाला?" मुलगी म्हणाली. "या महिन्याच्या बैठकीला मी येतेय. तुमचं भाषण ऐकायला."

सरांना त्या रात्री चार उशांवरही झोप आली नाही. आपल्या पोरीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्यांना स्पष्ट दिसत होतं. पुढचे काही दिवस त्यांनी घरात सांगायचा प्रयत्न केला. तोंड उघडायचे, तेवढ्यात बायको कौतुकाने काहीतरी बोलायची आणि सर पुन्हा तोंड मिटायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, बैठकीतच सांगायचं. घरच्यांपेक्षा परक्यांना खरं सांगणं सोपं जातं.

बैठकीची खोली नेहमीसारखी भरली होती. हात नसलेल्या रुंद खुर्च्या, त्यांवर अवघडून बसलेली माणसं. मुलगी मागच्या रांगेत होती. डॉक्टरीणबाईंनी ओळख करून दिली. सरांनी पँट पिशवीतून काढलीच नाही. लोक वाट बघत राहिले. मग पुढच्या एका बाईंनी विचारलं, "नंतर काही त्रास होतो का हो?"

या प्रश्नाला सरांचं उत्तर ठरलेलं होतं: सवय होते. या वेळी ते म्हणाले, "होतो."

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. मागचं चाक, पिशवी, उशा, आइस्क्रीम, नर्सला मारलेल्या थापा. "हा पट्टा वाईट आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "नीट वागणाऱ्याला लाभतही असेल. मला नीट वागता आलं नाही. आणि आता मला रोजच्या रोज जेवणाचा कंटाळा आलाय. जगण्याचा नाही, पण त्याच्या जवळपासचा." टाळ्या वाजल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने उठून सरांना पाण्याचा ग्लास दिला, मग पाण्याचं काय होतं ते आठवून ओशाळून परत घेतला.

लोक पांगल्यावर डॉक्टरीणबाई सरांजवळ आल्या. मुलगीही शेजारी येऊन उभी राहिली.

"तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं. "सुईचं काम, किती वेळ लागतो? चला, आत्ता सैल करून देते. आणि इतकं असह्य असेल तर काढूनच टाकू या ना."

"नको, नको," सर म्हणाले. "काढायचा नाही. राहू दे." आणि हात नकळत पोटावर गेला.

बापलेक खाली गाडीपाशी आले. मुलगी चालवायला बसली, सर सवयीने शेजारी. तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. सरांना हलकं वाटत होतं. पोरगी वाचली, असं ते मनाशी म्हणत होते.

"ऐकलंस ना सगळं?" ते म्हणाले.

"मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"उलट्यांचं. आपल्या घरात भिंती आहेत कुठे? तुम्ही नळ मोठा सोडता, त्यावरून तर जास्तच कळतं. आईलाही माहीत आहे. तुम्हाला आवडणार नाही म्हणून ती बोलत नाही."

एवढी वर्षं आपण जे दोन्ही हातांनी झाकत होतो, ते घरभर उघडं पडलं होतं. आधी त्यांना लाज वाटली, मग नवल.

"सगळं माहीत असून तू नाव नोंदवलंस?"

ती समोरच्या काचेतून बघत होती. "एक विचारू? आत्ता त्या काढते म्हणाल्या. तुम्ही नको का म्हणालात?"

सरांनी उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. वय, साखर, गुडघे, सगळी कारणं हाताशी होती. पण आज एकदा खरं बोलून झालं होतं आणि आता खोटं बोलण्याइतकी ताकद अंगात उरली नव्हती.

"परत तसं जगणं मला नाही गं जमणार," ते म्हणाले.

मुलीने मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"मी आत्ता तशीच जगतेय, बाबा."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी हातवारे करून त्याला दिशा दाखवत होतं. सर ते बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "तारीख कधीची दिलीय?"