बिनगाठीचे बूट

माझे पाय मोठे आहेत, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी ओसरीवरची माझी चप्पल पाहून येणारे-जाणारे विचारायचे, "कोन पाव्हना वना शे?" आणि आई वैतागून म्हणायची, "पाव्हना नई शे भो, मन्ही पोर शे." माझ्या लग्नात नवरदेवाचे बूट लपवायला गेलेल्या बहिणींनी घाईत माझीच जोडी पळवली आणि मी मांडवातून अनवाणी सासरी निघाले. सासूबाई अजूनही ही गोष्ट आल्या-गेल्याला सांगतात.

याच पायांनी पुढे मला नोकरीत तारलं. मी राहते लोणखेड्याला, सपाटीवर, आणि काम करते वर अक्राणीच्या डोंगरात, आरोग्य पर्यवेक्षिका म्हणून. पावसाळ्यात रस्ता खचला की जीप खाली थांबते आणि लसींचा डबा खांद्याला अडकवून पाड्यापर्यंत पायी जावं लागतं. चढाला निसरडा मुरूम, उताराला सुटे दगड, मधे गुडघाभर पाण्याचे नाले. गमबूट घालून पाहिले. ते पाण्यात राजे, पण उतारावर पाय आतल्या आत घसरतो आणि बोटांची साल निघते. कापडी बूट घातले तर दिवसभर ओल्या फडक्यात पाय बांधून चालल्यासारखं होतं. मागच्या वर्षी एका घळीत अशी आपटले की डबा वाचला आणि गुडघा गेला. तेव्हा ठरवलं, आता चांगले बूट घ्यायचे. हलके, पाणी न शिरणारे, तळाला खोल खाचा असलेले.

शहाद्यात चपलांचं जुनं दुकान आहे. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ अहिराणी आमच्यापेक्षा गोड बोलतात. त्यांनी फोनवर बजावलं होतं, बूट घ्यायचा तर संध्याकाळी यायचं, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो, आणि चालताना घालता तेच जाड मोजे घालून यायचं. मी तशी गेले. श्रावणातली झिमझिम होती, वीज गेलेली, दुकानात बॅटरीवरची एकच नळी मिणमिणत होती. बाकाच्या टोकाला टोपी घातलेला एक म्हातारा अंग चोरून बसला होता. शेठनी त्याला चहा विचारला, त्याने हातानेच नको म्हटलं.

शेठ वरच्या फळीवरून खोकं काढत म्हणाले, "ताई, तुमना मापनी एकच जोडी उरेल शे."

बूट हातात घेतले आणि मी हरखलेच. इतका दणकट बूट आणि वजन म्हणून नाही. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली, म्हणजे फटीतून पाणी शिरायचं नाही. मी मोजा नीट करत होते, तेवढ्यात म्हातारा उठला. त्याने खिशातून तुऱ्हाटीची एक काडी काढली आणि बुटाच्या तळव्याला लावली. आमच्याकडे घरातलं माणूस बाजारात येऊ शकत नसेल तर त्याच्या पायाच्या मापाची काडी तोडून आणतात. काडी तळव्यात तंतोतंत बसली.

"हाई जोडी माले जोयजे," तो म्हणाला. "मन्हा आंडोरकरता."

आंडोर म्हणजे मुलगा. मला राग आला. असा राग मला लवकर येतो आणि मी तो लपवत नाही. "बापू, पहिला नंबर मन्हा शे," मी म्हटलं.

"तुन्हं बी काम शे, माय. पन तू परत येशी. मंग दुसरी लेशी."

हे तो इतकं साधेपणाने बोलला की भांडायचं मी विसरूनच गेले. शेठ माझ्याकडे बघत नव्हते. ते कपाटाची काच पुसत होते, आणि ती काच स्वच्छच होती. म्हातारा माझ्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, "जरा घालीसन दखाड. तुन्हा पाय त्याना मापना शे."

आजवर माझ्या पायांची कुणी अशी अदबीने विचारपूस केली नव्हती. मी बूट घातले आणि दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. पावलांचा आवाज येत नव्हता. इतके मऊ तळवे मी कधी घातले नव्हते, तरी ते मला आवडले नाही. आपण चालतोय हे आपल्यालाच ऐकू येत नव्हतं.

"डावी टाच कशी लागस?" त्याने विचारलं.

"बरी लागस."

"रुतस का? नीट पाहा. त्याले तठे जखम व्हती. भरनीच नई."

"साखर शे का त्याले?"

"व्हती," तो म्हणाला.

साखर होती, गेली, असं सांगणारे आमच्याकडे खंडीने भेटतात, म्हणून मी त्या शब्दापाशी थांबले नाही. उलट माझ्यातली पर्यवेक्षिका जागी झाली. साखरेच्या माणसाला बूट चावला तर बोट जातं, कधी पाय जातो, हे मी रोज सांगते. त्याला खाली बसवलं आणि समजावलं. बुटात आधी हात घालायचा, कुठे शिवण टोचते का ते चाचपायचं. बोटांच्या पुढे अंगठाभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. पाण्यात उतरताना बुटाच्या गळ्याच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण बाहेरचं पाणी आत येत नाही तसं आत गेलेलं बाहेरही येत नाही. तो एकेक गोष्ट ओठ हलवून म्हणत होता, पाठ करावी तशी.

"जावानं कोठे शे त्याले?" मी विचारलं. "रस्ता कसा शे?"

"काटा शेत. मंग तापेल वाळू. मंग एक नदी शे, मोठी."

"तापी?"

"तापी नई."

"मग नर्मदा?"

त्याने मान हलवली. तीही नाही.

"संगे कोन शे?"

"कोनी नई. एकलाच."

बाहेर पावसाचा जोर वाढला होता. मला वाटलं, म्हातारा थोडा भ्रमिष्ट असावा. तरी बूट पूर्ण दाखवायचा म्हणून मी वाकले, नाड्या ओढल्या आणि गाठ मारायला लागले. त्याने झडप घालून माझं मनगट धरलं.

"गाठ मारू नको, माय!"

त्या झटक्यात त्याची टोपी घसरली. डोकं चकाचक भादरलेलं, एखाद-दुसऱ्या दिवसाचंच. त्याचा हात बर्फासारखा गार होता.

माझे वडील गेले तेव्हा तिरडीवर ठेवण्याआधी काकांनी त्यांच्या कमरेचा करदोटा कापला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, गेलेल्या माणसाच्या अंगावर गाठ ठेवत नाहीत, जीव अडकतो. ते सगळं एका क्षणात आठवलं. दहाव्यानंतर गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटताना, गेलेल्याच्या नावाने शय्यादान देतात, त्यात गादी असते, छत्री असते, जोडा असतो, पुढची वाट सोपी जावी म्हणून. ती नदी कुठली, ते मला आता कळलं. मी एका मेलेल्या माणसाचे बूट घालून दुकानात फेऱ्या मारत होते, आणि ते मला अगदी नीट बसले होते.

मला ते तत्काळ काढून फेकायचे होते. खरंच सांगते, मी घाबरले होते. शेठ हळूच म्हणाले, "ताई, काल बापूना पोऱ्यानं दहावं झायं. सारंगखेडाकडनं घर शे."

मी बूट काढू लागले, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बापू, बिनगाठीचा बूट सैल राहतो. टाच वर-खाली होते. घासणार ती."

त्याचा चेहरा असा पडला की मला माझीच जीभ कापावीशी वाटली. "घासाई?" तो म्हणाला. "डावीबी?"

मग त्याने सांगितलं. ज्या जागी पोराने जीव सोडला, तिथे रीतीप्रमाणे पीठ पसरलं, त्यावर दिवा ठेवला, टोपलीने झाकलं. सकाळी सगळे बघायला गेले. कुणाला पाखराचा पाय दिसतो, कुणाला काहीच दिसत नाही. यांना पिठावर माणसाची दोन पावलं दिसली. उजवं पूर्ण होतं, काडी त्यावरूनच मापली. डाव्याची नुसती बोटं आणि चवडा उमटला होता.

"टाच टेकेल नव्हती," तो म्हणाला. "आजूनबी दुखस त्याले, माय. आनि तो तसाच चाली ऱ्हायना."

पिठावर उंदीर फिरतो, मांजर फिरतं, अंधारात घरातलंच कुणी पाय देतं. असं मी किती तरी घरांत ठणकावून सांगितलं आहे. त्या संध्याकाळी मला त्यातलं एक अक्षर बोलवलं नाही. मी परत बाकावर बसले, बूट पुन्हा पायात सारले आणि नाडी वरच्या आकड्यांभोवती घट्ट फिरवून तिची टोकं खालच्या दोन पट्ट्यांत खोचली. गाठ नाही, तरी बूट हलला नाही. जोराने पाय आपटून पाहिला. मग पिशवीतला कापूस काढला, चांगला जाड पुंजका केला आणि डाव्या बुटात टाचेखाली बसवला. "आते घासाव नई," मी म्हटलं. त्याने माझ्या पायातून बूट स्वतःच्या हातांनी उतरवले, खोचलेल्या नाड्यांना धक्का न लावता, नुसते सावकाश ओढून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते मला धड सांगता येणार नाही.

मी तशीच गमबुटावर राहिले. पुढच्या आठवड्यात डोंगरात चढताना बरोबरची सिस्टर म्हणाली, "मॅडम, लंगडताय का?" मी खाली पाहिलं. मी डावी टाच टेकवतच नव्हते. जखम नाही, सूज नाही, काटा नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, असं म्हणून मी हसून वेळ मारून नेली. पण त्यानंतर ओल्या मातीत मागे वळून पाहायची मला भीती वाटू लागली. उजवं पाऊल पूर्ण उमटलेलं असायचं आणि डावं अर्धं.

पाऊस ओसरताना शेठचा फोन आला. "ताई, ती जोडी परत वनी."

दानातल्या वस्तू अशा फिरून दुकानात येतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेठ त्या वेगळ्या ठेवतात आणि सांगितल्याशिवाय कुणाला देत नाहीत. दान घेणाऱ्या गुरुजींचा पाय लहान, त्यांनी विधीपुरतं खोकं उघडलं आणि तसंच कोपऱ्यात ठेवलं होतं, असं ते म्हणाले. दुकानात जाऊन मी खोकं उघडलं. तळवे कोरे करकरीत, एक कण माती नाही. नाड्या मी खोचल्या तशाच्या तशा, जराही हललेल्या नव्हत्या. एवढ्या घट्ट बुटातून पाय ओढून काढता येतो, पण नाडी न सोडता कुणी तो आत घालू शकत नाही. मी डाव्या बुटात हात घातला.

कापूस चपटा झाला होता. नुसता दबलेला नव्हता, मधे गोल खोल खळगा आणि कडा वर आलेल्या, खूप दिवस खूप वजन पडल्यासारखा. पांढराशुभ्र होता. रक्ताचा ठिपका नाही, पाण्याचा डाग नाही. आयुष्यभर कापूस हाताळलेली बाई आहे मी. खोक्यात पडून कापूस असा होत नाही.

शेठ म्हणाले, "काय झायं?" मी म्हाताऱ्याच्या घराचा पत्ता विचारला. कापूस रुमालात गुंडाळला आणि दुसऱ्याच दिवशी सारंगखेड्याकडची एसटी धरली.

म्हातारा दारातच बसला होता. मला पाहून उठला नाही, फक्त माझ्या पायांकडे पाहिलं. मी रुमाल उघडून त्याच्या मांडीवर ठेवला आणि कुठून काढला ते सांगितलं. त्याने कापूस तळहातावर घेतला. अंगठा त्या खळग्यात हलकेच ठेवला, बाळाच्या टाळूवर ठेवावा तसा.

"टेकनी," तो म्हणाला. त्याने घराकडे तोंड करून मोठ्याने हाक दिली, "अवं, आयकस का? टाच टेकनी त्यानी!" आत काहीतरी भांडं पडलं आणि एका बाईचा रडण्याचा आवाज आला. मीही तिथेच पायरीवर बसून रडले.

निघताना तो म्हणाला, "ते बूट तू घाल, माय. त्याना रस्ता सरना." कापूस मात्र त्याने परत दिला नाही.

मी ते घेतले. डोंगरात आता तेच घालते. पाणी शिरत नाही, बोटं लागत नाहीत, आणि चालताना आवाज येत नाही त्याचीही सवय झाली आहे. माझं लंगडणं थांबलं. नाडीला गाठ मात्र मी कधीच मारत नाही, खोचतेच. आणि डाव्या बुटात मी नवा कापूस घातलेला नाही. तळव्याच्या आत, टाचेच्या जागी, मी ते घालायला लागले त्या पहिल्या दिवसापासून एक खळगा आहे. माझी टाच त्यात बरोबर बसते.